पिपेट तोंडाला लावताना

माझी मुलगी यंदा बी.एस्सी.ला गेली. परवा बोलता बोलता म्हणाली, पिपेट आता कोणी तोंडानं ओढत नाही, तिला रबरी फुगा लावतात. मी "बरं झालं" म्हणालो आणि उठून अंगणात गेलो. तिला जे सांगायला हवं होतं ते इथे लिहितो आहे.

मी सोनाळ्याहून मलकापूरला शिकायला आलो. गावाकडे बारावीची प्रॅक्टिकलं फक्त जर्नलमध्ये झाली होती. पिपेट ही काचेची नळी मी चित्रातच पाहिलेली. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभं राहून विचारलं, "सर, हे कायचं द्रावण हाय?" मागचे बाक हसले. सरांनी उत्तर इंग्रजीत दिलं, ते मला कळलं नाही. त्या दिवसापासून मी काही विचारलं नाही.

माझा जोडीदार वरवट बकालचा होता. आम्ही एकाच खोलीत राहायचो. पिपेटमध्ये द्रावण तोंडानं खेचून खुणेपर्यंत आणायचं आणि पटकन बोट लावायचं, हे मला जमेना. द्रावण तोंडात येईल या भीतीनं ओठच मिटायचे.

"काऊन बे, भेव वाटून राह्यलं का?" त्यानं विचारलं.

"हाव."

"त मंग तू भर, मी ओढतो."

असं ठरलं. बाटलीतून चंचुपात्रात द्रावण मी ओतायचं, पिपेट त्यानं ओढायची.

दिवाळीनंतरच्या एका प्रॅक्टिकलला टेबलावर कॉस्टिक सोड्याच्या दोन बाटल्या होत्या. एक आमच्यासाठी पातळ केलेली, दुसरी मूळची तीव्र. चिठ्ठ्या दोन्हींवर होत्या, पण ओल्या हातांनी शाई पसरलेली. सरांनी फळ्याशी काहीतरी सांगितलं होतं. ते तीन पावलांवर उभे होते. विचारायला तोंड उघडलं, मागच्या बाकावर कोणी तरी खोकलं, आणि मी मिटलं. जवळची बाटली उचलली.

त्यानं पिपेट ओढली. द्रावण खुणेच्याही वर चढलं आणि त्याच्या तोंडात गेलं. त्यानं नळी टाकली, ती फुटली. बेसिनवर तो वाकला तो वाकलेलाच. सर ओरडत होते, "पाणी घे, गुळण्या कर, गिळू नको." त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी नळ धरून उभा होतो, जणू नळ पळून जाणार होता.

त्याला दवाखान्यात नेल्यावर सरांनी प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांना उभं केलं. मामा रोजंदारीवर होते.

"ही बाटली इथे कोणी ठेवली?"

"सर, म्या त चिठ्ठी लावली होती."

"कुठे आहे चिठ्ठी? वाचून दाखवा."

मामांना वाचता येईना. कोणालाच आलं नसतं. सर म्हणाले, सोमवारी प्राचार्यांकडे जाऊ. मी जर्नलमध्ये डोकं घालून आकृती काढत राहिलो. ब्युरेटची आकृती. ती अजून डोळ्यांपुढे आहे, फार सुबक आली होती.

तो खोलीवर परतला तेव्हा जिभेची साल गेली होती. मी मऊ भात करायचो, दुधात कालवून तो हळूहळू गिळायचा. त्याच्या मायनं पाठवलेला ठेचा डब्यात तसाच होता. त्यानं खुणेनं सांगितलं, तू खाय. मी खाल्ला. रोज, त्याच्यासमोर बसून. बोलला एकदाच, रविवारी. मामांचं काय झालं विचारलं. मी सांगितलं.

सोमवारी तो जड जिभेनं सरांना म्हणाला, "बाटली मीच उचलली होती सर. पाह्यली नाही." सरांनी त्याला चांगलंच झापलं. मामा सुटले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काऊन सांगतलं तसं?"

"मामाची नोकरी कच्ची हाय," तो म्हणाला. "तुह्यासारखा चूप बसलो असतो त गेली असती."

तेवढंच. मी दिवसभर वाट पाहिली की तो एक शिवी तरी देईल.

पुढच्या प्रॅक्टिकलला त्यानं पिपेट धुतली आणि माझ्यासमोर धरली. "आता तू ओढ."

"मले नाही जमत."

"मंग भरता तरी येते का?"

टेबलावर पुन्हा दोन बाटल्या होत्या. मी दोन्ही उचलून सरांच्या टेबलाशी गेलो. "सर, यातली पातळ कोणती हाय?" मागचे बाक हसले. सरांनी डाव्या हाताकडे बोट केलं. मी ओतलं, पिपेट तोंडाला लावली आणि खेचली. दोनदा हवाच आली. तिसऱ्यांदा द्रावण खुणेच्या वर गेलं आणि मी बोट दाबलं. तो शेजारी उभा राहून खुणेकडे बघत होता.

"थोडं सोड," तो म्हणाला. "हां. बस."

त्या वर्षी आम्ही दोघंही पास झालो. ती बाटली मी उचलली होती हे सरांना मी वर्षभरात सांगितलं नाही. मामांनाही नाही. ते मला शेवटपर्यंत "साधा पोरगा" म्हणायचे.