मदरबोर्डाचं कपाळ

आमच्या मुलुंडच्या घरातला फ्रीज सासऱ्यांनी पसंत केला, वॉशिंग मशीन नणंदेने आणि माझा फोन नवऱ्याने. फोन तर वाढदिवसाची भेट म्हणून मिळाला, म्हणजे तक्रारीची सोयच नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली आणि कमावते मी त्याच्याही आधीपासून, पण दुकानात उभं राहून 'हे नको, ते दाखवा' असं साड्या सोडून कशाबद्दलही म्हटलं नव्हतं. म्हणून गेल्या वर्षी गेम खेळण्यासाठी कॉम्प्युटर घ्यायचा ठरवला तेव्हा सोबत हेही ठरवलं, की त्याचा एकेक भाग मी निवडणार आणि मीच जोडणार. या घरात एक तरी वस्तू पहिल्या स्क्रूपासून माझ्या मनाची येणार. कुणाला हसायचं तर हसू दे.

नवरा हसलाच. "चव्वेचाळिसाव्या वर्षी गेमिंग? बरं, घे. पण तयार लॅपटॉप घे ना. ही भानगड कशाला?"

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घरी राहिला आणि त्यात एक गेम. डोंगरदऱ्या, एक घोडा, आणि वाटेल तिकडे जायची मोकळीक. ऑफिसातून आल्यावर अर्धा तास मी त्या डोंगरांत असायचे. मला ते फार आवडायचं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त नदी ओलांडायला घेतली की लॅपटॉप तापायचा आणि घोडा पाण्यातच थिजायचा. महिनाभर मी एकाच काठावर होते.

मी विम्याचे दावे तपासते. बारीक अक्षर वाचण्याचाच मला पगार मिळतो. प्रोसेसर आणि बाकीचे भाग ज्याच्यावर बसतात तो मदरबोर्ड निवडायला बसले तीही तशीच, वही घेऊन. ही जोडी ठरली की बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं, कारण कुठलाही प्रोसेसर कुठल्याही बोर्डावर बसत नाही. बोर्डावर त्याची एक चौकोनी जागा असते, सॉकेट, ते जुळावं लागतं. आणि लोक काय करतात, तर बहुतेक पैसे प्रोसेसरवर घालतात आणि बोर्ड उरल्यासुरल्यात घेतात. मला हे पटेना. प्रोसेसर चार वर्षांनी बदलता येतो. बोर्ड बदलायचा म्हणजे सगळा संसार उसकटायचा. मी मधला प्रोसेसर आणि दणकट बोर्ड ठरवला, तोही नव्या सॉकेटचा, म्हणजे पुढे त्याच्यावर मोठा प्रोसेसर बसवता येईल.

एका शनिवारी आम्ही दोघं घाटकोपरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्याकडे बघितलंही नाही. "बोला सर, कशासाठी पाहिजे?"

"गेमिंगसाठी. आणि मला पाहिजे," मी म्हटलं.

"मग कॉम्बो देतो ना, मॅडम. टॉपचा प्रोसेसर, सोबत बोर्ड. एकदम झकास. सगळे हेच नेतात."

मी खोक्यावरचं वाचलं. बोर्ड जुन्या सॉकेटचा होता. "याच्यावर पुढच्या पिढीचा प्रोसेसर बसेल?"

"पुढचं पुढे बघू ना, मॅडम."

"मग हे नको. तो वरचा दाखवा."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "तो रोज हेच विकतो. त्याला काहीतरी कळत असेल ना?"

"त्याला विकायचं कळतं," मी म्हटलं. पण घरी पोचेपर्यंत मी सगळ्या भागांचं बिल तीनदा वाचलं. हा कॉम्प्युटर चालला नाही तर 'तरी मी सांगत होतो' हे वाक्य जन्मभर माझ्या ताटात वाढलं जाणार होतं.

ते नवरात्राचे दिवस होते. सासरे भांडुपच्या कारखान्यात फिटर होते. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पुजायची ही त्यांची पद्धत, आणि ते गेल्यावरही सासूबाईंनी ती मोडली नाही. पाने-पकडी कधीच गेल्या, आता विळी, कात्री, मिक्सर आणि स्कूटरची किल्ली असते. "तुझं नवीन यंत्रही ठेव गं," त्या आदल्या दिवशीच म्हणाल्या. मला मनापासून बरं वाटलं. घरात माझ्या यंत्राला यंत्र म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

मी सकाळी बोर्ड खोक्यातून काढून पाटावर ठेवला.

"हे मधे काळं झाकण कसलं?" त्यांनी विचारलं.

"त्याच्याखाली प्रोसेसर बसणार, आई. म्हणजे मेंदू. याचं डोकं समजा."

झेंडूची फुलं आणायची राहिली होती. मी खाली जाऊन आले, दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील. परत येऊन बघते तर काळं झाकण शेजारी नीट काढून ठेवलेलं, आणि उघड्या सॉकेटच्या बरोबर मध्यभागी ओलं हळदकुंकू, वर दोन अक्षता. त्या चौकोनात केसासारख्या बारीक, हजाराहून जास्त पिना असतात. त्यांना बोट लावायचं नसतं, आणि इथे तर चांगलं दाबून लावलं होतं.

"हात कशाला लावलात!" मी इतक्या जोरात ओरडले की नवरा अर्ध्या दाढीने बाहेर आला.

सासूबाई बोट तसंच वर धरून उभ्या होत्या. "अगं, कुंकू कपाळालाच लावतात ना. झाकणावर कसं लावणार?"

मी बोर्ड उचलला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. राग तर होताच, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

नवरा मागोमाग आला. "दुकानदाराला सांगू, खोकं उघडलं तेव्हाच असा होता. कुंकू पुसून टाकू. कोणाला कळतंय?"

'असाच होता' हे वाक्य मी ऑफिसात रोज वाचते आणि रोज त्याच्यावर 'नामंजूर' लिहिते. "ते नाही करायचं," मी म्हटलं.

"मग दुसरा आण, मी देतो पैसे."

"तेही नाही."

मी दुकानदाराला फोन करून खरं काय ते सांगितलं.  "कुंकू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कुंकू. तो पोटभर हसला आणि मग समजुतीने बोलला, "वॉरंटीत नाही बसणार हे, मॅडम. साफ करा, वाकलेल्या पिना सुईने सरळ करून बघा. तुटली तर मात्र वाट लागली."

दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. मी बोर्ड गॅलरीतल्या टेबलावर घेतला. मोबाइल दुरुस्तीवाले सर्किट धुवायला जे स्पिरिट वापरतात ते आणलं होतं. मऊ ब्रशने तीनदा धुतलं. कुंकू गेलं, हळद चिवट निघाली, चौथ्यांदा गेली. मग फोनचा कॅमेरा मोठा करून पाहिलं. शेतातल्या रोपांसारख्या पिना एकाच बाजूला झुकलेल्या, त्या तशाच असतात, पण मधल्या सात भुईसपाट.

"दे, मी करतो," नवरा म्हणाला.

"नको."

"अगं, तुटेल एखादी."

"तुटली तर माझ्याच हातून तुटू दे."

एका पिनेला अर्धा तास लागला. मोती ओवायची सुई, श्वास धरायचा, किंचित उचलायचं, सोडायचं. मान आखडली, डोळ्यांना पाणी यायला लागलं. श्रीखंड-पुरीचं ताट कुणीतरी झाकून ठेवलं. सासूबाई कालपासून माझ्याशी बोलल्या नव्हत्या आणि मीही त्यांच्याशी नाही. मला स्वतःची लाज वाटत होती, पण पिना सरळ झाल्याशिवाय कुणाशी बोलायचं मनात येत नव्हतं. दुपारी त्या गॅलरीत आल्या, पोथी वाचायचं त्यांचं भिंग टेबलावर ठेवलं आणि तशाच आत गेल्या. भिंगाखाली काम सोपं झालं. सहा पिना उभ्या राहिल्या. सातवी तुटली.

मी तो तुकडा चिमट्याने उचलून कागदावर ठेवला. रडू आलं, रडले. मग तोंड धुऊन आले आणि प्रोसेसर बसवला. त्याला धरून ठेवणारा सॉकेटचा दांडा खाली दाबताना करकर आवाज येतो, काहीतरी मोडल्यासारखा. तो तसा येतोच, हे मी दहा ठिकाणी वाचलं होतं, तरी डोळे मिटून दाबला. पंखा, रॅम, ग्राफिक्स कार्ड, वायरी. संध्याकाळी सोनं वाटायला शेजारी आले तेव्हा मी जमिनीवर मांडी घालून स्क्रू पिळत होते. त्यांनी माझ्या हातात आपट्याची पानं दिली, मी ती कानामागे खोचली.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. मिनिटभर काळाच. नवरा सोफ्यावर होता, आणि त्याचं ते 'तरी मी सांगत होतो' तयार होताना मला ऐकू येत होतं. मग पडदा उजळला. मेमरी, म्हणजे रॅम, अर्धीच दिसत होती. तुटलेल्या पिनेची किंमत ही, तिच्यामुळे रॅमची एक खाच मेली होती. बोर्डावर रॅमच्या चार खाचा होत्या, कॉम्बोतल्या स्वस्त बोर्डावर दोनच असत्या. मी बंद करून रॅम दुसऱ्या दोन खाचांत हलवली आणि परत बटण दाबलं. पूर्ण दिसली. मी नवऱ्याकडे बघितलं. "चालला की गं," तो म्हणाला, आणि तो खरोखर खूश होता.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "माझ्यामुळे बिघडलं होतं ना ते?"

"छे गं आई," नवरा लगेच म्हणाला, "तो पीसच तसा होता."

"नाही," मी म्हटलं. "तुमच्यामुळेच बिघडला, आई. आणि माझ्यामुळेही. डोकं कुठे ते मीच दाखवलं होतं तुम्हाला. वर ओरडले, ते चुकलं माझं."

त्या जवळ आल्या आणि कॅबिनेटच्या काचेआड फिरणाऱ्या पंख्याकडे त्यांनी वाकून बघितलं.

"मग पुढच्या वर्षी कुंकू कुठे लावायचं ते तू सांग," त्या म्हणाल्या. "वस्तू तुझी आहे."