संमतीदाराची सही

आमचं घर जिने विकत घेतलं, त्या मुलीवर मी जळत होते. यासाठी दुसरा कुठला सभ्य शब्द शोधायचा मी प्रयत्न केला, पण सापडला नाही. ती मला काकू म्हणायची, दुसऱ्या खेपेला येताना आंबाबर्फी घेऊन आली, आणि तिची बर्फी तोंडात असतानाही माझ्या पोटात दुखत होतं.

घर म्हणजे बंगळुरातल्या बेळ्ळंदूरमधला तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्या-हॉलचा फ्लॅट. आम्ही मूळचे निपाणीकडचे. हे इथे एका कारखान्यात नोकरीला, मी शाळेत शिक्षिका. अठरा वर्षांपूर्वी दोघांच्या पगारावर बँकेने कर्ज दिलं आणि दोघांच्या पगारातून ते फिटलं. कर्जाच्या कागदावर माझं नाव आहे. घराच्या कागदावर नाही. कारण रजिस्ट्रेशनच्या दिवशी शाळेत वार्षिक परीक्षा होती आणि मोठ्या बाईंनी रजा दिली नाही. तिथे फोटो काढतात, अंगठा घेतात, माणूस समोर लागतं. तारीख पुढे ढकलायची तर बिल्डर कुरकुर करत होता. हे म्हणाले, "आता माझ्या एकट्याच्या नावावर होऊ दे, तुझं नंतर घालू. तुझं-माझं वेगळं आहे का?" मी परीक्षेच्या हॉलमध्ये पुरवण्या वाटत उभी होते, तेव्हा घर ह्यांचं झालं.

नंतर कधीतरी मी विचारलंही होतं. "अगं, परत सगळी स्टॅम्प ड्युटी भरावी लागते, घर घेतल्याएवढा खर्च," असं हे म्हणाले. मी शिकवते हिंदी आणि समाजविज्ञान, मला काय माहीत. खरं वाटलं.

यंदा हे रिटायर झाले आणि शहराबाहेर देवनहळ्ळीजवळच्या एका लेआउटमध्ये छोटं बैठं घर बघून आले. माझे गुडघे, ह्यांचा झाडांचा सोस, सगळं जमत होतं. घर मलाही आवडलं. पण तिथलं करारपत्रही हे एकटेच जाऊन करून आले. "तू शाळेत होतीस ना," म्हणाले. त्या दिवशी मी भाजी चिरत राहिले.

आणि मग ही मुलगी आली. तिशी-बत्तिशीची, पुण्याकडची, नवरा-बायको दोघंही कॉम्प्युटरवाले. हातात वही. वहीत प्रश्नांची यादी, आणि एकेक प्रश्न झाला की पुढे बरोबरची खूण. "काकू, खाता, म्हणजे पालिकेतली घराची नोंद, कुणाच्या नावावर आहे?" "कर्ज फिटल्यावर बँकेकडून मूळ खरेदीखत परत आणलंत ना?" "जमिनीवर कुणाचा बोजा नाही असा दाखला किती वर्षांचा मिळेल?" "सोसायटीची थकबाकी नाही असं पत्र?" "वीजमीटर कुणाच्या नावाने आहे?" पाचही प्रश्नांना माझं उत्तर एकच होतं, ह्यांच्या. किंवा ह्यांना विचार. मी अठरा वर्षं राहत होते तिथे, आणि त्या घराबद्दल मला फक्त गिझर किती वेळ लावायचा एवढंच सांगता येत होतं!

मग मी जरा आगाऊपणा केला. जवळच्या तळ्याचा वास सांगितला. पावसाळ्यात त्यावर फेस कसा येतो ते सांगितलं. संध्याकाळी रिंग रोडवर गाडी कशी अडकते, टँकरचं पाणी कसं येतं, वरच्या मजल्यावरचं पोर कसं नाचतं, सगळं. हे डोळे वटारून माझ्याकडे बघत होते. घर विकायला बसलोय आम्ही, आणि बायकोच मोडता घालतेय! ती मुलगी मात्र हसली. "काकू, तुम्ही किती खरं बोलता," म्हणाली, आणि वहीत लिहून घेतलं. मग माझा ओटा टेपने मोजला आणि नवऱ्याला म्हणाली, "हा काढून टाकू, उलट्या बाजूला घेऊ." माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

पण खरी ठिणगी पडली ती त्यांच्या वकीलबाईंच्या ऑफिसात. खरेदीखताचा मसुदा करायचा होता. वकीलबाईंनी विचारलं, घेणार कोण? त्या मुलीचा नवरा मोबाइलमधून डोकं वरही न काढता म्हणाला, "दोघं. हिचं नाव आधी लिहा." एवढंच. जसं काही चहात साखर किती ते सांगावं. तिनेही त्याच्याकडे वळून बघितलं नाही, कारण त्यात तिला नवल काहीच नव्हतं. मला मात्र एवढा हेवा वाटला की मी पर्समधली पाण्याची बाटली काढून घटाघटा प्यायले.

तिच्या वहीत अजून एक प्रश्न उरला होता. "मॅम, माझ्या बाबांचं घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. आईचं नाव आता घालता येईल का?"

"का नाही," वकीलबाई म्हणाल्या. "बक्षीसपत्र करायचं. नवरा-बायकोत इथे फी अगदी थोडी असते. एका सकाळचं काम."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पंख्याकडे बघत होते.

वकीलबाईंनी मग कर्जाचे कागद चाळले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हप्ते तुमच्याही पगारातून गेलेत. उद्या तुम्ही हक्क सांगू नये म्हणून या दोघांना कर्ज देणारी बँक तुमची सही मागेल. विकणार म्हणून नाही, संमतीदार म्हणून. माझी हरकत नाही, एवढं लिहून द्यायचं." म्हणजे घर माझं नव्हतं, पण माझी हरकत नाही हे मात्र माझ्याकडून लिहून हवं होतं.

घरी आल्यावर मी तोंड उघडलं. "देवनहळ्ळीच्या घरावर माझं नाव घाला."

"झाला की करार आता."

"मग?"

"मग काय? करार माझ्या नावाचा, खरेदीखत माझ्याच नावाचं होणार. त्या माणसाला आता परत कुठे सांगत बसू? आणि तुला काय एकदम आठवण झाली? त्या पोरीचं बघून?"

हो, त्या पोरीचंच बघून. खोटं कशाला बोलू? हक्क-बिक्क मला काही सुचला नव्हता. तिला मिळालं ते मला का नाही, एवढंच डोक्यात होतं. अठरा वर्षं जे खुपलं नाही, ते तिच्या एका वहीने खुपायला लागलं.

करार झाला म्हणजे सगळं संपलं का, हे मला कुणाला तरी विचारायचं होतं. आणि विचारणार कुणाला? ओळखीत कायद्याचं कळणारं एकच माणूस होतं. दोन दिवस मी ताठ्यात काढले. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुकाट्याने त्या मुलीलाच मेसेज टाकला, "माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारतेय." पाच मिनिटांत तिचं उत्तर आवाजात रेकॉर्ड होऊन आलं. "काकू, काही प्रॉब्लेम नाही. विकणारा हो म्हणाला तर करार एकाच्या नावाचा असला तरी खरेदीखत दोघांच्या नावाने होतं. फक्त ते व्हायच्या आधी सांगायचं. आणि काकू, तुमच्या मैत्रिणीला सांगा, सोडू नका म्हणावं." सगळं कळलं होतं तिला. उपकार झाले म्हणून मला तिचा जास्तच राग आला.

ह्यांना मी ते सांगितलं. "बघू," म्हणाले. आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

रजिस्ट्रेशनचा दिवस उजाडला. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात ही गर्दी! या वेळी मी रजा विचारली नाही, कळवली. बँकेचा माणूस चेक घेऊन बसलेला, वकीलबाई पानं उलगडून एकेकाला देत होत्या. प्रत्येक पानाखाली सही. हे सह्या करत गेले. तिच्या नवऱ्याने केल्या. तिने केल्या, आणि प्रत्येक पानावर तिचं नाव वर छापलेलं मला समोरून उलटंही वाचता येत होतं. मग पानं माझ्यासमोर आली. वकीलबाईंनी पेन दिलं.

मी पेन घेतलं, टोपण काढलं, आणि म्हणाले, "नाही करणार."

तोंडून ते मला वाटत होतं त्यापेक्षा मोठ्याने निघालं. शेजारच्या बाकावरचे लोकसुद्धा वळले. त्या मुलीचा चेहरा पांढरा पडला. तिने भाड्याचं घर सोडलं होतं, सामान बांधून झालं होतं, हे मला ठाऊक होतं. आणि देवा शपथ सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. तिच्या वहीत हा प्रश्नच नव्हता.

हे माझ्या कानाशी वाकले. "काय चाललंय हे? किती पाहिजेत तुला? पैसे तुझ्या खात्यात टाकू का?"

"पैसे कुणी मागितले?" मी म्हणाले. "देवनहळ्ळीला फोन लावा. आत्ता. माझ्यासमोर."

"इथे? या गर्दीत?"

"इथेच. अठरा वर्षांपूर्वी मी नव्हते इथे. आज आहे."

वकीलबाई घड्याळाकडे बघत होत्या. बँकेच्या माणसाने बॅगेची चेन लावली, उघडली, परत लावली. ह्यांचे कान लाल झाले होते. शेवटी ह्यांनी फोन काढला आणि देवनहळ्ळीच्या मालकाला लावला. कन्नडमध्येच बोलायला लागले, "सर, ओंदु हेसरु सेरिसबेकु." एक नाव घालायचंय. जरा थांबून म्हणाले, "माझ्या बायकोचं." पलीकडचा माणूस काही कुरकुरला नाही, दोन शब्दांत हो म्हणाला असावा. एवढंच होतं ते काम. मग त्याने काहीतरी विचारलं. ह्यांनी फोनवर हात धरला आणि माझ्याकडे वळले.

"आधार कार्डावर तुझं पूर्ण नाव कसं आहे गं?"

मी भडकायला हवं होतं. पण मी सांगितलं. माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, शाळेच्या हजेरीपटापासून पगाराच्या स्लिपपर्यंत आहे तसं. ह्यांनी ते फोनवर सांगितलं. गर्दीत पलीकडच्याला कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. तरी कळेना, तेव्हा एका कानात बोट घालून, एकेक अक्षर सुटं करून, मोठ्याने सांगितलं. तोवर मी पानं पुढे ओढून सह्या करायला लागले होते. घरात मी अगं, शाळेत टीचर, शेजाऱ्यांची अक्का. लग्नाला तीस वर्षं झाली, आणि माझं अख्खं नाव ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. एवढं ऐकायला मला दुसऱ्याच्या बायकोवर दोन महिने जळावं लागलं.