डेस्कटॉपवरचा शेवटचा शॉर्टकट

म्हसावदच्या आमच्या शाळेतला जुना कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्तीवाला पोरगा येतो, आणि आधी मलाच तपासतो. "नाना, आज कितल्या शिव्या दिन्यात याले?" मग खुर्ची उलटी फिरवून बसतो आणि कीबोर्डवर तबलजीसारखी बोटं नाचवतो. मशीनच्या पोटात दडलेल्या सोयी मला क्लार्क असूनही सापडत नाहीत, म्हणून त्याने त्यांचे शॉर्टकट डेस्कटॉपवर आणून ठेवलेत, तेही बारसं करून. टास्क मॅनेजर 'अडकनं', प्रिंटरला पुन्हा जागं करणारा 'छापत नही', आणि सगळ्यात शेवटी 'मी नसू तवय', म्हणजे तो नसेल तेव्हासाठी.

परवा दहावीचे अर्ज पाठवायचा शेवटचा दिवस होता. प्रिंटर मुका, मुख्याध्यापक डोक्यावर उभे, आणि हा नवापूरला लग्नात, फोन बंद करून! 'छापत नही' तीनदा दाबलं, शिव्या त्याहून जास्त दिल्या. शेवटी देवाचं नाव घेऊन 'मी नसू तवय' उघडलं. आत एवढंच लिहिलेलं:

"नाना, प्रिंटरमा कागद टाका. आनि शिव्या बंद करा."

कागदाचा ट्रे रिकामा होता. मी मुख्याध्यापकांकडे पाठ करून तो भरला, घाम पुसला आणि गंभीरपणे म्हणालो, "फार मोठा बिघाड होता, सर. काढला."