आभाराचा घोट

कोकोच्या बागा संपून ओढ्याचा उतार लागला, तशी अक्याआत्या पुन्हा वाटेच्या कडेला सरकली. समोरून कुणी येत नव्हतं. मागूनही नाही. तरी डोक्यावरचं गाठोडं सावरून ती उभी राहिली, मान खाली घातली, आणि कुणी वडीलधारं माणूस पुढं निघून जाईपर्यंत थांबावं तशी थांबली. मग चालू लागली.

सकाळपासून हे तिसऱ्यांदा.  दुफीनं मनातल्या मनात प्रार्थनेतली एक ओळ म्हटली आणि आत्याच्या डाव्या अंगानं चालत राहिली. आत्यानंच तिला सोबतीला बोलावलं होतं, आणि उजवी बाजू मोकळी ठेव, असं निघतानाच बजावलं होतं.

असुओसोहून क्रोफ्रोम सात मैल. लॉरीनं गेलं तर अर्ध्या तासाचं काम. पण लॉरी अदुसेची, आत्याच्या थोरल्या मुलाची, आणि आज क्रोफ्रोमला कुळाची बैठक भरायची होती ती त्याच्याचसाठी. दुफीच्या बापाचं, आसिआमाचं घर दुपारी अदुसेच्या नावावर चढायचं होतं. कुळप्रमुखाचा अंगठा उमटला की कागद कचेरीत जाणार. मग कुणी काही म्हणायची सोय नाही.

ओढ्याशी कसावा धूत बसलेल्या बाईनं आत्याला ओळखलं.

"काय गं अक्या, लेकाची लॉरी सोडून पायी? तेल वाचवतेस का पाप फेडतेस?"

"तुझी जीभ बाजारात मांड बाई, हातोहात खपेल," आत्या म्हणाली. 

अक्याचा सारा जन्म पावाच्या भट्टीपुढं गेला. आईच्या पोटचे हे दोघंच जगले, ती आणि आसिआमा. पहाटे पाव भाजायचे, डोक्यावर घेऊन गावभर फिरायचं, आणि धाकट्या भावाला शाळेत धाडायचं. नवरा चार वर्षांत दुसरीकडे राहायला गेला, तेव्हा ती रडली नाही; भट्टी मात्र थोडी मोठी करून घेतली. आसिआमानं घर बांधायला काढलं, तेव्हा याच ओढ्याची वाळू तिनं टोपल्यांनी वाहिली. टाळूवर चकतीएवढी जागा कायमची उघडी पडली होती. ती जागा ती लोकांना दाखवायची. "हा माझा मालकीचा कागद," म्हणावं अशा थाटात.

आमच्याकडे मूल आईच्या कुळाचं. बाप मेला की त्याचं घर त्याच्या बहिणीच्या मुलाकडं जातं; पोटच्या लेकरांनी बोचकं उचलायचं. बापाला लेकीला काही द्यायचं असेल तर जिवंतपणी द्यावं लागतं, आणि तेही नुसत्या कागदावर नाही. त्यानं चारचौघांत तोंडानं बोलायचं, लेकीनं आभाराची म्हणून दारूची बाटली पुढं ठेवायची, आणि बापाच्या कुळातल्या साक्षीदारांनी तिच्यातला घोट घ्यायचा. घोट घशाखाली गेला की घर गेलं. नाही घेतला, तर कागदावर कितीही शिक्के असोत, ते चिठोरं.

आसिआमानं घर दुफीला दिलं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. गुडघे टेकून तिनं दोन्ही हातांनी तबक धरलं होतं. साक्षीला दोघंच, अक्याआत्या आणि बापाचा म्हातारा मामा. कागदावर मामाचा अंगठा त्याच दिवशी उमटला. आत्याचे हात पिठानं भरलेले होते. "बाजाराच्या दिवशी करते की," ती म्हणाली होती. बाजार शुक्रवारी होता. आसिआमा गुरुवारी शेतात कोसळला. पुढच्या महिन्यात मामाही गेला.

त्यानंतरच्या बैठकीत वडीलधाऱ्यांनी आत्याला विचारलं, "तू घोट घेतलास का?"

"मला आठवत नाही," आत्या म्हणाली.

त्या एका वाक्यानं दुफी आणि तिची आई भाड्याच्या खोलीत आल्या. ही चौसष्ट सालची गोष्ट. आई कधीकधी जेवता जेवता थांबून विचारायची, "तू तबक नीट धरलं होतंस ना गं? आधी त्यांनाच दिलंस ना?" दहा वर्षं विचारत राहिली. शेवटी शेवटी दुफीलाच वाटायला लागलं, आपलंच काही चुकलं असेल. मिशनच्या शाळेत मुलांना शिकवताना मध्येच तिला आपले हात तबक धरल्यासारखे झालेले दिसत.

उन्हं चढल्यावर दोघी एका रेशमी सावरीखाली बसल्या. आत्यानं गाठोड्यातून भाजलेलं केळं काढलं, पहिला तुकडा मोडून जमिनीवर ठेवला.

"बघ आता," ती म्हणाली.

बाजूलाच मुंग्यांची रांग चालली होती. तुकड्यापाशी आली, वळसा घालून पुढं गेली.

"आसिआमाच्या नावानं टाकलं की मुंगीसुद्धा शिवत नाही. घरातही तसंच. मी त्याच्याच खोलीत निजते, दुफी. सकाळी त्याची खुर्ची भिंतीकडं तोंड करून असते. मी फिरवून ठेवते, तो पुन्हा पाठ करतो."

"आत्या, खुर्ची कुणी मूलही फिरवत असेल."

"मास्तरीण झालीस म्हणून मला शिकवू नकोस." मग आवाज खाली आला. "पितरांना पाणी सोडायचा मान माझा. सगळ्यांची नावं घेते. आजीचं, आईचं, लहानपणी गेलेल्या भावंडांचं. त्याच्या नावाशी आले की जीभ टाळूला चिकटते. अकरा वर्षं त्याला पाणी नाही. तहानलेला माणूस दुसरीकडं कुठं जाईल? माझ्यामागूनच फिरतो."

 आत्याच्या उजवीकडची जागा दुफीनं मुद्दाम पाहिली नाही. देवावर तिचा विश्वास होता. पण देवाच्या राज्यात तहानलेली माणसंही असणारच.

"तू प्यायली होतीस ना, आत्या?"

"प्यायले," आत्या म्हणाली. "घसा जळाला होता. तू घाबरून तबक हलवलंस, थोडी माझ्या लुगड्यावर सांडली, ते डाग धुतलेलेसुद्धा आठवतात मला."

दुफीला रागच यायला हवा होता. पण आधी आलं ते रडू. तबक हललं तरी घोट घेतला गेला होता; आपलं काही चुकलं नव्हतं. आई मात्र हे ऐकायला उरली नव्हती. गेल्या पावसाळ्यात तिला मातीआड केलं होतं.

"मग का?" तिनं विचारलं.

"वाळू मी वाहिली होती," आत्या म्हणाली. "त्यानं घर दिलं तेव्हा माझं नाव एकदाही घेतलं नाही. एवढंच. नंतर अदुसे राहायला आला, त्याची पोरं झाली, आणि बोलायचं राहून गेलं."

क्रोफ्रोमचे पत्रे दिसू लागले. अदुसेची लॉरी सभेच्या झाडाखाली उभी होती. आत्याची चाल मंदावली, मग थांबलीच. या वेळी ती बाजूला सरकली नाही. तिनं दुफीचं मनगट धरलं. तिचा तळवा भट्टीच्या विटेसारखा खरखरीत होता.

"मी खरं बोलले तर अदुसे म्हणेल, म्हातारीला चळ लागलाय. वडीलधारे मला पुन्हा तेच विचारतील. त्यांच्या तोंडावर मी एकदा खोटं बोललेय, पोरी. ती वाट माझ्या जिभेच्या ओळखीची आहे. त्यांना विचारू देऊ नकोस. त्यांच्याआधी तू उठ. सगळ्यांसमोर, माझ्या डोळ्यांत बघून, तू विचार मला."