एकोणसाठ वर्षांची म्हातारी

अमेयचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात, इथल्या नगर कौन्सिलच्या मीटिंगमध्ये होते. "मावशी, आई उठतच नाहीये…" एवढंच तो म्हणाला. कॉरिडॉरमध्ये येऊन उभी राहिले आणि लक्षात आलं, मला धक्का बसलेला नाही. आत कुठेतरी मी या फोनची वाटच पाहत होते.

त्याची आई शोभा, माझी मैत्रीण. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. नवरा गेल्यावर नागपुरात शाळेत नोकरी करून तिने एकटीने मुलगा वाढवला, शाळेतल्या मुलींना खो-खो शिकवला. पण सून आली आणि पन्नाशीतच सगळ्यांनी तिच्या हातातलं काम काढून घेतलं. "आता आराम करा." तिला तो मान वाटला; रंगीत साड्याही तिने हौसेने वाटून टाकल्या. इथे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला मुलाकडे आली ती म्हातारी होऊनच. साठी ओलांडूनही मी नोकरी करते, याची तिला कीव यायची.

तळ्याकाठी फिरताना ती प्रत्येक बाकावर बसायची. गेल्या हिवाळ्यात दोन बाकांमधलं अंतरही तिला झेपेना. ओठ निळसर दिसायचे. "वय झालं गं ताई," ती हसायची. थंडीने असेल, असं मीही स्वतःला सांगितलं.

शेवटी मीच हट्टाने तिला जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं. अमेयही आला. दम कधीपासून लागतो, असं डॉक्टरबाईंनी तिला विचारलं. तिने मुलाकडे पाहिलं. "शी इज ओल्ड, डॉक्टर," तो समजुतीने म्हणाला. बाईंनी स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "फिफ्टी-नाइन?"

हृदयाच्या स्कॅनसाठी लवकरची तारीख मिळाली. नेमका अमेय त्या दिवशी कामानिमित्त बाहेरगावी. "मी नेते की," मी म्हटलं. "तो नसताना कसं? त्यांनी काही विचारलं तर मी काय सांगू?" एकटीने संसार ओढलेली बाई हे म्हणत होती… तिने तारीख पुढे ढकलायला लावली. मी तिला ओढून न्यायला हवं होतं. नेलं नाही. नव्या तारखेआधीच ती गेली.

परवा अमेयने तिची खोली आवरायला बोलावलं. पलंगावर भिंतीला टेकवून चार उशा एकावर एक रचलेल्या होत्या. "वाचताना लागतात म्हणायची," तो म्हणाला. खोलीत एकही पुस्तक नव्हतं. आडवं झालं की तिला श्वास पुरत नसणार. किती महिने ती बसूनच झोपत होती, कोण जाणे… उशांवर तिच्या पाठीचा खोलगट ठसा तसाच होता. अमेयने हात पुढे केला, आणि मागे घेतला.