काळं पाजणारी सिस्टर

कौसल्या सिस्टर मूळच्या वर्ध्याच्या. सत्तावीस वर्षं दिल्लीच्या एका सरकारी हॉस्पिटलात, तीही कॅज्युअल्टीत. कोणी विषारी काहीबाही गिळून आलं की औषधी कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजायची ती त्यांनीच. म्हणून सगळे त्यांना काळं पाजणारी सिस्टर म्हणत. बाकीच्या नर्सेस त्या पेल्याकडे पाहून नाक मुरडत. कौसल्या सिस्टरांच्या अंगावर मात्र दर वेळी नवलाने शहारा येई. हा कोळसा पोटात जाऊन विष धरून ठेवतो, हे पुस्तकात वाचलेलं. डोळ्यांनी कोणी पाहिलंय?

त्या रविवारी सकाळी गुणवंत आपल्या पाच वर्षांच्या तनयाला उचलून धावत आला. आजीच्या दम्याच्या रंगीत गोळ्या पोरीने मूठभर गिळल्या होत्या, अर्ध्या तासापूर्वी. औषध रक्तात उतरायच्या आत काळं पोटात जायलाच हवं, असं डॉक्टर म्हणाले. सिस्टरांनी पेला पुढे केला आणि गुणवंतने त्यांचं मनगट धरलं.

"सिस्टर, हा तर कोळसा आहे. माझ्या पोरीला कोळसा पाजणार?" इतका वेळ हिंदीत बोलणारा माणूस घाबरून मराठीवर आला होता.

ओरडून उपयोग नव्हता. त्याला जरा शांत करावं म्हणून सिस्टरांनी विचारलं, "भाऊ, तुम्ही काम काय करता?"

"पानिपतला, चादरी रंगवायच्या कारखान्यात. इथे घरी फक्त रविवारी येतो. सांडपाण्याचा रंग काढतो. टाकीत काळी पूड टाकतो, लाल पाणी सोडतो, अन् खालून नितळ..."

तो मध्येच थांबला. रंग जातो कुठे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं: त्या कोळशाच्या पुडीला चिकटून बसतो. त्याने पेला स्वतःच घेतला, लेकीला मांडीवर बसवलं आणि घोट घोट पाजलं. सिस्टर पाहतच राहिल्या. सत्तावीस वर्षं ज्याच्यापुढे त्या मनातून नमत आल्या, ते या माणसाने रोज डोळ्यांनी पाहिलं होतं.

थोडं औषध आधीच रक्तात उतरलं होतं; दिवसभर तनयाचं काळीज धडधडत होतं. दर चार तासांनी पेला, शेजारी बाप. संध्याकाळी ठोके उतरू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी त्याला बेडपॅन दाखवलं. आत काळीकुट्ट शी.

"आलं बाहेर," त्या म्हणाल्या.

गुणवंतने त्या बेडपॅनला चक्क हात जोडले. सिस्टरांना हसू फुटलं, पण पुढे काय झालं त्यांचं त्यांनाच कळलं नाही. बेडपॅन खाली ठेवून, ग्लोव्ह्जसकट, त्यांनीही जोडले.