गावठी, हायब्रीड आणि बाबांची जीभ

मखमलाबाद रोडवरच्या आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा होती. नव्वदच्या दशकात त्या बाजूला अजून द्राक्षबागा होत्या. आमच्या तारेच्या कुंपणापलीकडेही एक होती. त्या एवढ्याशा परसात आई-बाबा दरवर्षी टोमॅटो लावत आणि दरवर्षी त्यावरून भांडत.

बाबा एसटीत कंडक्टर होते. हरसूलच्या गाडीवर त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं गेली. बाजाराच्या दिवशी एक म्हातारी भाजीची पाटी घेऊन चढायची, बाबा पाटीला हात लावायचे. एकदा उतरताना तिने त्यांच्या पिशवीत ओंजळभर टोमॅटो टाकले. चपटे, अंगाला खाचा असलेले, पिकले तरी देठाशी हिरवट राहणारे. आईने त्यांचं सार केलं आणि बाबा दोनदा मागून प्यायले. एक टोमॅटो त्यांनी आधीच बाजूला काढला होता. त्याचं बी राखेत घोळून वाळवलं, आणि तेव्हापासून परसाची एक बाजू त्या गावठी टोमॅटोची झाली.

दुसरी बाजू मामाची. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, गिरणारे गावाकडे त्याची टोमॅटोची शेती. लागवडीतून उरलेली हायब्रीडची रोपं तो ओल्या गोणपाटात गुंडाळून आणून द्यायचा. त्यांची फळं लांबट, एकसारखी, कातडं जाड. आई ती खिडकीत ओळीने मांडून ठेवायची आणि आठवडा झाला तरी एकही सुरकुतलेलं नाही, हे बाबांना मुद्दाम दाखवायची.

"दिसायला काय, प्लास्टिकचीही दिसतात," बाबा म्हणायचे.

"तुमची झाडावरच उलतात. मुंग्यांसाठीच लावता का?"

खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर होतं. गावठीला आंबटपणा होता, वास होता, पण पाऊस लांबला की करपा आधी त्यालाच गाठायचा. हायब्रीड तग धरायचं. कोशिंबिरीत चिरलं तर फोड फोडीसारखी राहायची, पाणी सुटायचं नाही. धुण्याच्या दगडापाशी आणखी एक झाड आपोआप उगवायचं, गोट्यांएवढ्या टोमॅटोंचं. ते कुठून आलं कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते माझं. त्याचे टोमॅटो इतके गोड की घरात पोचायच्या आत संपायचे.

बाबा निवृत्त झाले त्या वर्षी, दिवाळीनंतर, त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. सकाळी दात घासताना हातातून तांब्या पडला. आईने विचारलं, "काय झालं हो?" त्यांनी तोंड उघडलं आणि नुसता आवाज आला. भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा तो आवाज, पण त्यात शब्द नव्हता.

दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतंय. शब्द सापडत नाहीयेत. तुम्ही बोलत राहा, कामात घ्या, चवी द्या, वास द्या. घाई करू नका."

मी तेव्हा कॉलेजात होते. सकाळी बाबांच्या हाताचा व्यायाम माझ्याकडे आणि बाकी सगळं आईकडे. ती भाजी निवडताना भाजीचं नाव घ्यायची, दूध तापवताना दुधाचं. बाबा तिच्या ओठांकडे बघत राहायचे, प्रयत्न करायचे, मग वैतागून भिंतीकडे तोंड फिरवायचे. बाहेरची माणसं आली की डोळे मिटून पडायचे. महिना उलटला तरी एक शब्द नाही. आई मोरीत नळ सोडून रडायची. मला कळत होतं, पण मी कधी आत गेले नाही. तिला तेवढं एकटं राहू द्यावं असं वाटायचं.

संक्रांतीच्या सुमारास परसातले टोमॅटो पिकायला लागले. बाबांना गिळायला आता त्रास होत नव्हता. दुपारी मी त्यांची खुर्ची मागच्या दारात उन्हात ठेवली. आई ताटलीत फोडी घेऊन आली, वर मीठ-जिरेपूड भुरभुरवलेली.

"हा माझ्या भावाचा," असं म्हणून तिने पहिली फोड त्यांच्या तोंडात घातली.

बाबांनी ती चावली. चेहरा वाकडा केला. ओठ हलले, थांबले, परत हलले.

"पा... पाण... पाणचट."

आई जागच्या जागी खाली बसली. ताटली कलंडली, फोडी मातीत गेल्या. "बघितलंस?" ती मला म्हणाली, "माझ्या माहेरच्याला नावं ठेवायलाच तोंड उघडलं यांनी!" ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. बाबाही हसले, अर्ध्या चेहऱ्याने. मग डाव्या हाताने त्यांनी गावठीच्या वाफ्याकडे बोट केलं. मी धावत जाऊन एक तोडून आणला.

"आंबट," ते म्हणाले. हा शब्द जरा लवकर आला.

त्या दिवसापासून रोज दुपारी ताटली ठरलेली. आई तिन्ही जातींच्या फोडी मिसळून द्यायची आणि बाबांनी सांगायचं, कुठला कोणता. मऊ, गोड, कच्चा, उन्हाचा, कालचा. चुकीचा शब्द आला तर ते स्वतःच मान हलवून दुसरा शोधायचे. मामा भेटायला आला तेव्हा बाबांनी त्याच्यासमोरच "पाणचट" म्हणून दाखवलं. मामाने त्यांचे पाय धरले आणि म्हणाला, "दाजी, रोज म्हणा. पाटी भरून आणून देतो."

सगळं काही परत आलं नाही. उजवा हात कामापुरताही वळला नाही, लांब वाक्य मध्येच तुटायचं. पण डाव्या हाताने ते रोपांना सुतळी बांधायला शिकले; गाठ दातांनी ओढायचे. पुढे माझं लग्न झालं, बाबांनी नातीला मांडीवर घेतलं, तिला हाका मारल्या. आम्हाला मिळालेली ती वर्षं वरची होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

एकदा माहेरी गेले होते. दुपारची जेवणं झाली होती. आई बाबांच्या सदऱ्याची बटणं लावत होती. आयुष्यभर भरपूर बोलणाऱ्या, पण आईचं कौतुक कधीही न करणाऱ्या बाबांनी तिचा हात धरला आणि सावकाश, शब्द वेचत म्हटलं,

"तू... होतीस. म्हणून."

पुढचं त्यांना सापडलं नाही. आई बटण लावायची थांबली.

"बरं बरं," ती म्हणाली, "आता ताक घ्या, गरम होईल."